धोंड्याच्या महिन्यातला डिस्क गोल्फ

मी व्यावसायिक डिस्क गोल्फ खेळाडू आहे. हे वाक्य मी परभणीत कितीतरी जणांना सांगून बघितलं, पण पुढचा प्रश्न खेळाबद्दल विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे आजाऱ्याची चौकशी करावी तसा आवाज काढतात आणि म्हणतात, "ते ठीक हाय, पर करता काय?"

खेळ सोपा आहे. एक प्लॅस्टिकची चकती असते, नाश्त्याच्या ताटलीएवढी. ती लांबून फेकायची. जिथं पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. असं करत शेवटी खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, त्यांना धडकून चकती खाली पडते. सगळ्यात कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण एवढं ऐकल्यावर लोक म्हणतात, म्हणजे थाळीफेक. मी म्हणतो, थाळीफेक वेगळी. मग म्हणतात, म्हणजे गोल्फ, साहेब लोकांचं. मी म्हणतो, तेही नव्हे. मग त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटायला लागतं आणि ते चहा मागवतात.

नोकरीसाठी बंगळूरला होतो तेव्हा हा नाद लागला. परत आलो, एका खासगी शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक झालो, आणि सुट्ट्या काढून गावोगावच्या स्पर्धा खेळत राहिलो. एका स्पर्धेत पहिला आलो. बक्षीस म्हणून एक चकती मिळाली. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "जिंकून काय आणलं?" मी पिशवीतून आणखी एक ताटली काढली. त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली, ती पुढे माझं लग्न ठरेपर्यंत टिकली.

लग्न गेल्या वर्षी झालं. बायको पालमजवळच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांचं पालमला बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. तर मामांना दोन मुली, मुलगा नाही. थोरला जावई, म्हणजे माझा साडू, नांदेडला कचेरीत अव्वल कारकून. सरकारी खुर्ची सोडून तो खताची पोती मोजायला येणार नाही, हे मामांना मान्य होतं. म्हणून त्यांची नजर माझ्यावर होती. लग्नाच्या बैठकीतच मी स्पष्ट सांगितलं होतं की मी व्यावसायिक खेळाडू आहे. मामांनी मान डोलावली होती. ती का डोलावली होती, हे मला नंतर बायकोकडून कळलं. ते घरी जाऊन म्हणाले होते, "व्यावसायिक म्हंजे व्यवसाय आला. व्यवसाय म्हंजे दुकान आलं. मंग आपलं हायेच की."

यंदा धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, ऐन मिरगाच्या, पेरणीच्या तोंडावर आला. लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, आणि जे काही द्यायचं ते तेहतिसात द्यायचं. अनारसे तेहतीस, बत्तासे तेहतीस. शिवाय दोन जावई असले तर एकाला जे दिलं ते दुसऱ्याला दिलंच पाहिजे, टोपीच्या रंगासकट. जावई या महिन्यात नारायण असतो, असं मानतात. मला ही व्यवस्था पहिल्यापासून आवडली होती. आयुष्यात एक महिना का होईना, आपण काय करतो हे न विचारता कुणी पाय धुणार असेल तर आपण कशाला नाही म्हणायचं.

बायको आधीच माहेरी गेली होती. मी एसटीने निघालो, बरोबर चकत्यांची पिशवी घेतली. पोचलो, पाय धुतले गेले, ओवाळणं झालं. दुपारी झोपून उठलो आणि पिशवी बघितली तर तीन चकत्या कमी. शोधत स्वयंपाकघरात गेलो. माझी लांब पल्ल्याची चकती दुधाच्या पातेल्यावर झाकण होती. मधल्या पल्ल्याची अनारशांच्या पिठावर. आणि शेवटच्या, टोपलीजवळून टाकायच्या नाजूक फेकीची, जिच्यावर माझी सगळी भिस्त असते, तिच्यात मामी लसूण सोलत बसल्या होत्या.

"लय कामाची ताटं हायेत, पाव्हणे," मामी म्हणाल्या. "वजनाला हलकी, आन् झाकण कसं घट्ट बसतंय. थोरलीला बी तीनच आणायची होती. तिला काय वाटंल?"

ज्या खेळाला देशभर ओळख मिळावी म्हणून मी झटत होतो, त्याचं साहित्य पहिल्यांदा कुणाला तरी मनापासून आवडलं होतं.

संध्याकाळी साडूही सहकुटुंब आले. जेवायला बसलो तेव्हा मामांचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे, तेही पंगतीला होते. त्यांना सगळे काका म्हणतात. गावात लग्न असो, टेनिस बॉलच्या मॅचेस असोत की कुणाची निरोपाची सभा, माईक काकांच्याच हातात असतो. पंचगिरीही तेच करतात. पांढरी टोपी आणि शिट्टी त्यांच्या खिशात बाराही महिने असते.

तिसरा धोंडा वाढताना मामांनी विषय काढला. "मिरग तोंडावर आला. दुकानात आता गर्दी वाढंल. माझ्यानं एकट्यानं निभायचं न्हाई. धाकले पाव्हणे, तुमी कधीपासून बसताव?"

माझ्या घशात धोंडा अडकला. पाणी पिऊन मी पुन्हा सगळं सांगितलं. मी खेळाडू आहे, अजून दोन-तीन वर्षं तरी मला हे नीट करून बघायचं आहे, आपल्या भागात हा खेळ रुजवायचा आहे. चकती, टोपली, साखळ्या, कमी फेकी, सगळं. मामा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"कुणासंगं खेळत्यात?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"एकट्यालाही खेळता येतो, मामा. आपला आपण."

"एकट्यानं करतेत त्याला खेळ म्हणत न्हाईत, पाव्हणे. त्याला नाद म्हणतेत."

सगळी पंगत हसली. माझी बायकोसुद्धा. मला राग आला आणि रागाच्या भरात मी म्हणून बसलो की इथंच, गावाबाहेरच्या माळावर खेळून दाखवतो, कुणीही समोर या. आता समोर येणार कोण? काकांनी पंच व्हायचं ठरवूनच टाकलं होतं. साडूंनी पानातलं तूप पुसलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, मी येतो. आपल्याला कागदाशिवाय काही फेकायची सवय न्हाई, पर येतो."

मामांनी डोळे उघडले. "मंग असं करू. जिंकलात, तर दुकानाचं नाव या तोंडातून पुन्हा निघणार न्हाई. न्हाई जिंकलात, तर मिरगाच्या आधी गल्ल्यावर."

मी लगेच हो म्हणालो. ज्या माणसानं जन्मात चकती हातात धरली नाही, सकाळी बूट घालताना ज्याला धाप लागते, त्याला मी हरवणार नाही तर कोण हरवणार? रात्री बायको म्हणाली, "अहो, बाबा शब्द मोजून बोलतात. जरा नीट ऐकत जा." मी म्हणालो, मला सगळं नीट ऐकू आलंय.

टोपल्या मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या, तीन. त्याच तीन टोपल्यांच्या तीन फेऱ्या खेळायच्या ठरल्या. हव्या तशा साखळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्याने जनावरांच्या दाव्याच्या साखळ्या लावून दिल्या. काम झकास झालं. चकती लागली की छन्नदिशी आवाज यायचा. माळाच्या कडेला काकांच्या म्हशी बांधलेल्या असतात, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी माळावर अर्धं गाव जमलं. ऊसतोडीहून परतलेली माणसं पेरणीची वाट बघत रिकामी होती, त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. मला भरून आलं. इतके प्रेक्षक मी बंगळुरातही बघितले नव्हते. तिथं प्रेक्षक म्हणजे पुढच्या तुकडीत खेळायची वाट बघणारे खेळाडूच.

मग सत्काराला सुरुवात झाली. दोघांना कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, श्रीफळ दिलं, आणि वर फेटे बांधले. टोपीवर फेटा. मी हात जोडून सांगितलं की फेट्याचा शेमला खांद्यावर येतो, फेकताना हातात अडकेल. काका म्हणाले, "जावयाला उघड्या डोक्यानं माळावर उभा केला तर लोक शेण घालतील आमच्या तोंडात." मग भाषणं झाली. चकती माझ्या हातात आली तेव्हा ऊन चांगलंच वर चढलं होतं.

पहिली फेक माझी. मी श्वास घेतला, कंबर वळवली, हात झोकला. चकती सुटली आणि तिच्यामागे शेमलाही सुटला. फेटा डोळ्यांवर आला. चकती कुठं गेली ते मला दिसलं नाही, पण माईकवरून कळलं.

"धाकल्या पाव्हण्यांचं ताट सरळ टोपलीच्या दिशेनं निघालेलं हाय. लय लांब गेलेलं हाय. पाव्हण्यांना मात्र काही दिसायला तयार न्हाई. फेटा बांधणाऱ्यानं पुढं यावं."

टाळ्या पडल्या. मग साडूंची फेक. त्यांनी चकती दोन्ही हातांनी धरली, नैवेद्य पुढे करतात तशी, आणि ढकलली. ती उजवीकडच्या बाभळीत गेली.

"थोरले पाव्हणे बाभळीकडं निघालेले हायेत," काका म्हणाले. "बाभळीनं पाव्हण्यांचं स्वागत केलेलं हाय."

मी नियमाप्रमाणे माझ्या चकतीकडे निघालो तर गावातली चार माणसं पुढे पळाली. त्यांनी चकती उचलली आणि माझ्या हातात आणून दिली. जावयानं खाली वाकायचं? मी म्हणालो, अहो, ती जिथं पडली तिथूनच फेकायची असते, उचलून आणलीत तर जागा कशी कळणार? त्यातला एक म्हणाला, "जागा हितंच हाय की, माळावरच." दुसऱ्यानं माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी अंदाजानं जागा धरली. पुढच्या वेळेपासून खूण म्हणून चकतीच्या जागी चप्पल ठेवायचं ठरलं. थोड्याच वेळात माळावर इतक्या चपला झाल्या की कुणाची फेक आणि कुणाची चप्पल हे कुणालाच कळेना.

मामा आमच्या मागून चालत होते. प्रत्येक फेकीनंतर त्यांचा हात सदऱ्याच्या एका नाहीतर दुसऱ्या खिशात जात होता. मला वाटलं, शेंगदाणे खात असावेत.

पहिली टोपली मी गाठली. चकती साखळ्यांना लागली, छन्न झालं, आणि कडेला बांधलेल्या म्हशींपैकी एक खडबडून उठली. साखळी वाजली म्हणजे पाण्यावर सोडायची वेळ झाली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं हिसका दिला, खुंटी निघाली, आणि ती डुलत डुलत माळावर आली. साडूंनी त्याच वेळी बाभळीतून सुटका करून घेतलेली चकती पुन्हा ढकलली होती. ती जाऊन म्हशीच्या पाठीवर बसली. म्हैस टोपलीकडे चालू लागली.

सगळा माळ श्वास रोखून बघत होता. म्हैस टोपलीला अगदी खेटून उभी राहिली. साडू तिच्यामागे पळत गेले. पळताना त्यांचा फेटा सुटला, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी कुणाही अव्वल कारकुनाच्या तोंडावर कधी बघितलेलं नाही.

मी पंचांकडे धाव घेतली. "काका, हे नियमात बसत नाही. चकती म्हशीवर जिथं पडली होती तिथूनच फेकायची."

काकांनी विचार केला. "ताट जितं हाय तितून फेकायचं, तुमीच म्हणला न्हवं? ताट म्हशीवर हाय. म्हैस हितं हाय. तर हितूनच."

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. इतक्या जवळून साडूंनी टाकली ती टोपलीच्या पलीकडे गेली. मग तिकडून अलीकडे आली. असं चार-पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी लोक मोजल्यासारखे ओरडत होते, आणि साडूंना जोर चढत होता.

पुढे काय सांगू? माझ्या प्रत्येक टोपलीला एक म्हैस उठत होती. शेवटच्या फेरीपर्यंत काकांचा अख्खा गोठा आमच्याबरोबर फिरत होता. साडू नाल्यात गेले, तुराट्यांच्या ढिगात गेले, एकदा मामींच्या पदराला लागून परत आले. मी मात्र फेट्यासकट, छत्रीसकट आयुष्यातला उत्तम खेळ खेळलो. तिसांच्या आत संपवलं. साडूंची सत्तरी झाली असावी. शेवटची चकती साखळ्यांत वाजली तेव्हा मी मुठी आवळल्या. टाळ्या अगदीच तुरळक पडल्या. लोक पांगून साडूंकडे गेले होते, कारण ते अजून खेळत होते. जो आधी संपवतो त्याचा खेळ बघायला कमी मिळतो, ही या खेळाची अडचण मला त्या क्षणी जशी जाणवली तशी आधी कधी जाणवली नव्हती.

साडूंचीही शेवटची चकती टोपलीत पडली. माळ दणाणला. मग काकांनी माईक सारखा केला, टोपी काढून पुन्हा घातली.

"मंडळी, धोंड्याचा महिना हाय. आपल्या दारात दोन जावई हायेत. एक नारायण हाय, तर दुसरा बी नारायणच हाय. एकाला कमी आन् एकाला ज्यादा, अशी बेइमानी आपल्या घराण्यात कधी झालेली न्हाई. म्हणून पंचाच्या वतीनं दोन्ही पाव्हण्यांना तेहतीस-तेहतीस फेकी बहाल करण्यात येत हायेत. सामना बरोबरीत सुटलेला हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामींनी सुटकेचा श्वास टाकला.

"काका," मी त्यांचा हातच धरला. "माझ्या तेहतीस झाल्याच नाहीत. तिसाच्या आत होत्या."

काकांनी माईकवर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तेच तर म्हणायलोय. तुमाला वरून दिल्यात की. नाराज कामून व्हता?"

"पण कमी करणारा जिंकतो!"

"जावयाला कमी कसं देणार, पाव्हणे? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात साडू आले. घामानं निथळत होते, गुडघ्यापर्यंत नाल्याचा चिखल. तेही भडकलेले. "काका, तेहतीस कशा? मी सकाळपासून राबायलोय. माझ्या सगळ्या फेकी मोजा. एकही सोडायची न्हाई." ज्याच्या फेकी जास्त तो जिंकला, असाच त्यांचा शेवटपर्यंत समज होता.

दोन्ही नारायण एका पंचाशी भांडतायत, असं दृश्य गावानं त्या दिवशी बघितलं. आणि भांडता भांडता मला बायकोचे शब्द आठवले. मामा काय म्हणाले होते? जिंकलात तर. न्हाई जिंकलात तर. बरोबरी म्हणजे न जिंकणं. मामांनी आता काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी त्यांना दुकानात माणूस मिळत होता. मिरगाच्या आधी.

मामा पुढे आले. सत्काराचं टेबल तिथंच होतं, त्यावरचे नारळ त्यांनी बाजूला केले. डावा खिसा उलटा केला. तुरीच्या दाण्यांची लहानशी रास पडली. मग उजवा खिसा. त्यातून दुपटीहून जास्त दाणे निघाले, काही घरंगळून खाली गेले. ट्रकमधून पोती उतरवताना दुकानात असंच मोजतात, हे मला नंतर कळलं. पोतं उतरलं की एक दाणा खिशात. हमालाशी बोलताना आकडा चुकतो, दाणा चुकत नाही.

"ह्ये डावीकडचं धाकल्या पाव्हण्यांचं," मामा म्हणाले. "ह्ये उजवीकडचं थोरल्यांचं."

लोकांनी दोन्ही ढीग बघितले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "थोरले पाव्हणे लय पुढं हायेत." साडूंनी हात जोडून मान तुकवली.

मामांनी हात वर केला. "ऐका. या खेळात ज्याचा ढीग ल्हान त्यो जिंकला. खेळच तसा हाय. पाव्हण्यांनी पंगतीत सांगितलं हाय मला. धाकले पाव्हणे जिंकले."

काकांनी माईक बंद केला, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा बघितलं. मामींनी कपाळाला हात लावला. दोन जावयांत भेद झाला होता, तोही चारचौघांत, तोही या महिन्यात. साडू ढिगाकडे बघत राहिले. "मंग म्या एवढा कशाला पळलो?" ते म्हणाले, पण रागानं नाही. मग वाकून त्यांनी चकतीवरचा चिखल पुसला आणि ही नांदेडला नेली तर चालेल का, म्हणून विचारलं.

आणि मी? जिंकलो होतो, मला नाचायला हवं होतं. पण मला रडू येत होतं. ज्या माणसाला मी झोपलेला समजलो, त्यानं माझा सगळा खेळ ऐकून घेतला होता, उन्हातून मागे मागे फिरून माझी एकेक फेक मोजली होती, आणि त्याला जे हवं होतं ते हाताशी आलेलं असताना स्वतःच्या हातानं सोडून दिलं होतं.

मामा दुकानाकडे निघाले. मी त्यांच्या मोटारसायकलची किल्ली मागून घेतली आणि त्यांना मागे बसवून पालमला निघालो. वाटेत मी म्हणालो, "मामा, काकांची बरोबरी राहू दिली असती, तर मी आलो असतो दुकानात. शब्द दिला होता."

"आला असताव," मामा मागून म्हणाले. "पर खोट्या मापानं आणलेला माणूस दुकानात बसवून काय करू? उद्या त्यो गिऱ्हाइकाला काय मापून दील?"

दुकानासमोर गाडी लावली. बियाण्याला आलेली दहा-बारा माणसं सावलीत बसून होती, बायाही होत्या. त्यांच्याकडे बघत मामा माझ्याशी हळूच बोलले. "एक सांगू का? राग नगा मानू. तुमचा खेळ आपल्याकडं चालायचा न्हाई."

"का?"

"ज्यो जास्त राबला त्यो हारला, ह्ये बघायला लोक माळावर कामून येतील, पाव्हणे? ह्ये तर बाराही महिने घरीच चालू हाय."

हा खेळ इथं कसा रुजवायचा ते मला अजूनही ठाऊक नाही. मामा शटर उचलायला वाकले. मी पुढे झालो आणि दुसरी कडी धरली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी जिंकलात. तुमाला गरज न्हाई." मी कडी सोडली नाही. शटर जड होतं, दोघांनी मिळून वर केलं, आणि माणसं आत आली.